विश्वास कोणाचा कमी पडला?

मी ख्रिस्ती धर्माचा अभ्यासक नाही आणि जन्माने ख्रिस्तीही नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलो, पोटासाठी मास्तरकी पत्करली आणि हौसेखातर काही कादंबऱ्या लिहिल्या. ग्रीक आणि हिब्रू या भाषांतले एक अक्षरही मला ओळखता येत नाही. तेव्हा येशू ख्रिस्ताच्या चमत्कारांविषयी मी लिहावे हा आगाऊपणाच होय. परंतु माणूस पुस्तकाकडे नेहमी विद्वत्तेच्याच वाटेने जातो असे नाही. कधी कधी दुसऱ्याचे दुःख त्याला हाताला धरून तिथवर नेते. माझे तसेच झाले.

आमच्या शाळेत सातवीत एक मुलगा होता. बारा वर्षांचा. त्याची मूत्रपिंडे निकामी झाली. त्याची आई आठवड्यातून दोनदा त्याला घेऊन पहाटेच्या एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी डायलिसिससाठी जाई. स्टँडापासून इस्पितळापर्यंत मुलाला चालवत नसे, तेव्हा ती त्याला पाठुंगळी घेई. त्या माउलीने उपास केले, नवस बोलली, पिराला चादर घातली, कोणी सांगितले म्हणून एका प्रार्थनासभेलाही जाऊन आली. आश्विनात मुलगा गेला. दहाव्याला जमलेल्या बायकांपैकी एक जण सहज बोलून गेली, ‘‘सगळं केलंस गं, पण विश्वास कुठंतरी कमी पडला असेल!’’

दिवाळीची सुटी संपल्यावर ती शाळेत आली. मुलाने वाचनालयातून नेलेले गोष्टीचे पुस्तक परत करायचे होते. ते तिने वर्तमानपत्राच्या कागदात नीट गुंडाळून आणले होते. पुस्तक टेबलावर ठेवून ती म्हणाली, ‘‘गुरुजी, तुम्ही एवढं वाचता. खरंच माझा विश्वास कमी पडला का हो?’’

मी गप्प राहिलो. मास्तराने उत्तर येत नसताना गप्प राहणे बरे, एवढेच मला त्या वेळी सुचले.

पुढे त्याच हिवाळ्यात वसईच्या एका स्नेह्याने मला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ वाचायला दिले. दिब्रिटो हे २०२० साली धाराशिवला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हे वाचकांना आठवत असेल. खरे पाहता ही कथा मराठीला नवी नाही. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात राचोल येथे १६१६ साली छापले गेले. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. रेव्हरंड टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. आपल्याच घरच्या फडताळातले हे पुस्तक मी इतकी वर्षे उघडले नव्हते, ही लाजेची गोष्ट होय.

चार शुभवर्तमानांपैकी मार्कचे सर्वांत लहान. त्याची प्रकरणे सोळा. बहुतेक पंडितांच्या मते ते इसवी सन ७०च्या सुमारास लिहिले गेले, आणि मत्तय व लूक यांनी आपापली शुभवर्तमाने लिहिताना ते समोर ठेवले. मार्कची निवेदनशैली घाईची आहे. ‘लगेच’ या अर्थाचा एक ग्रीक शब्द त्याने एवढ्याशा पुस्तकात सुमारे चाळीस वेळा वापरला आहे म्हणतात. आमच्या वर्गातल्या मुलाच्या निबंधात असे आढळले असते तर मी तांबड्या शाईने खुणा केल्या असत्या! पण हा घाईने लिहिणारा माणूस एका बाबतीत फार सावध आहे. कोण बरे झाले, हे सांगताना कोणाचा विश्वास कसा होता, ते तो नेमके टिपतो किंवा नेमके टिपत नाही. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे शोधायचे होते.

पहिली गोष्ट कफर्णहूम या गालील सरोवराकाठच्या गावातली. शिमोन पेत्राची सासू तापाने फणफणून पडली आहे. येशू तिचा हात धरून तिला उठवतो, ताप उतरतो आणि म्हातारी उठून पाहुण्यांच्या सरबराईला लागते. तिच्या विश्वासाविषयी मार्क चकार शब्द काढत नाही. मग एक कुष्ठरोगी येतो. येशूच्या सामर्थ्याविषयी त्याला शंका नाही. इच्छेविषयी मात्र आहे. तरी येशू त्याला हात लावतो, ज्याला कोणी हात लावीत नसे त्याला. पुढे त्याच कफर्णहूमात एका पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण खाटेवरून आणतात. दारात गर्दी, म्हणून ते छप्पर उकरून खाट वरून खाली सोडतात. येशू विश्वास पाहतो तो त्या मंडळींचा. खाटेवरच्याने एकट्याने किती विश्वास ठेवला, याची चौकशी तिथे होत नाही.

त्यानंतर याईर या सभास्थानाच्या अधिकाऱ्याची मुलगी. ती बारा वर्षांची आहे. हा आकडा वाचताना मी क्षणभर थांबलो. बाप येशूला घरी घेऊन निघाला आहे, आणि वाटेत गर्दीत एक बाई मागून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते. तिला बारा वर्षे रक्तस्रावाचा विकार आहे. वैद्यांवर होते नव्हते ते खर्च करूनही दुखणे वाढलेलेच. ती बरी होते. येशू थांबून तिला शोधतो, आणि याईराच्या जिवाची घालमेल होत असतानाच मुलगी गेल्याचा निरोप येतो. कादंबरीकार म्हणून सांगतो, एका गोष्टीच्या पोटात दुसरी गोष्ट घालून वाचकाचा जीव असा टांगणीला लावणे सोपे नव्हे. त्या बाईला येशू सांगतो की तिच्याच विश्वासाने ती बरी झाली. याईराला सांगतो की भिऊ नको, विश्वास तेवढा धर. मुलगी तर मेलेलीच आहे. तिच्या विश्वासाचा प्रश्नच नाही. ती उठते, आणि येशूला पहिली आठवण होते ती तिला काहीतरी खायला द्यावे याची. चमत्काराच्या वर्णनात पोरीच्या भुकेची आठवण ठेवणारा हा लेखक मला फार जवळचा वाटला.

या सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या की एक गोष्ट ध्यानात येते. बऱ्या झालेल्याला येशू त्याच्या विश्वासाचे श्रेय देतो. पण तुझा विश्वास अपुरा आहे, असे म्हणून रित्या हाताने परत पाठवलेला एकही रोगी मला चारही शुभवर्तमानांत सापडला नाही. श्रेय आहे, ठपका नाही. आपण मात्र श्रेयाचे वाक्य उलटे करून त्यातून ठपका काढतो. पाऊस पडला की छत्री उघडते, यावरून छत्री उघडली नाही म्हणून पाऊस पडला नाही असे अनुमान काढणाऱ्याला आम्ही बाकावर उभे करतो!

येथे कोणी जाणता वाचक मला अडवील. नासरेथची हकीकत सोडलीत काय, म्हणून विचारील. सोडलेली नाही. येशू आपल्या गावी जातो तेव्हा लोक नाके मुरडतात. हा तर आपला सुतार, मरियेचा मुलगा, याचे भाऊ-बहिणी आपल्याला ठाऊक आहेत! मार्क स्पष्ट लिहितो की तिथे येशूला मोठी अद्भुत कृत्ये करता आली नाहीत आणि त्यांच्या अविश्वासाचे त्याला नवल वाटले. आपल्या नायकाला एखादी गोष्ट जमली नाही, हे लिहायला लेखकाला धैर्य लागते. मत्तयाने हेच लिहिताना शब्द मऊ केला. त्याच्या लेखी येशूने तिथे फारशी कृत्ये केली नाहीत. ‘जमली नाहीत’ आणि ‘केली नाहीत’ यांत किती अंतर आहे, हे मराठीच्या मास्तराने सांगायला नको.

पण मार्कच्या त्याच वाक्याचा उरलेला भाग लोक घाईने वाचतात. त्या अविश्वासू गावातही येशूने थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवून त्यांना बरे केले, असे तो म्हणतो. म्हणजे अविश्वासू होते ते कोण? नाक मुरडणारे, धडधाकट. सभास्थानात बसून ज्याला त्याला त्याची पायरी दाखवणारे. जे अंथरुणाला खिळले होते, ते तिथेही बरे झाले. मार्कच्या पुस्तकातला अविश्वास म्हणजे धडधाकटांची तुच्छता. खचलेल्याची शंका नव्हे.

खचलेल्याच्या शंकेचे काय होते, हे नवव्या प्रकरणात आहे. एका बापाने आपला मुलगा आणला आहे. मुलाला झटके येतात, तोंडाला फेस येतो, तो कधी विस्तवात तर कधी पाण्यात पडतो. शिष्यांनी प्रयत्न केला, जमले नाही. कंटाळलेला बाप येशूला म्हणतो की काही जमत असेल तर बघा. येशूला ते ‘जमत असेल तर’ खटकते. तेव्हा बाप रडकुंडीला येऊन कबूल करतो की आपल्याजवळ विश्वास आहे आणि तो पुरेसा नाही. जो उणा आहे त्यासाठीही तो मदतच मागतो. एवढ्या अर्ध्यामुर्ध्या भांडवलावर त्याचा मुलगा बरा होतो. मागून शिष्य एकांतात विचारतात, आम्हाला का जमले नाही? मार्क उत्तर देतो ते प्रार्थनेचे. मत्तयाच्या पुस्तकात मात्र येशू उणा विश्वास असल्याचा ठपका ठेवतो. कोणावर? मुलावर नाही, बापावर नाही. बरे करायला निघालेल्या आपल्याच शिष्यांवर!

हे वाचून मला वाटले, उत्तर मिळाले. मी त्या माउलीकडे गेलो. तिला ही बापाची गोष्ट साध्या शब्दांत सांगितली. तिने ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, ‘‘पण गुरुजी, त्याचा मुलगा उठला ना. माझा नाही उठला.’’

माझे सारे शहाणपण त्या एका वाक्यासरशी गळून पडले. मी पुन्हा पुस्तक उघडले, आणि जिथे चमत्कार होत नाही तो भाग वाचू लागलो. गेथशेमानेच्या बागेत येशू स्वतः गुडघे टेकून मरण टळावे अशी विनवणी करतो. शेवटी बापाच्या इच्छेपुढे मान तुकवतो, पण विनवणी एकदा करून थांबत नाही. पुन्हा पुन्हा जातो. मरण टळत नाही. त्याचा विश्वास कमी पडला, असे म्हणायची कोणाची छाती आहे? आणि तरी तसे म्हणणारे लोक मार्कने दाखवले आहेत. क्रुसाखाली उभे राहून ते हसतात. दुसऱ्यांना वाचवले, स्वतःला वाचवता येत नाही. आता खाली उतरावे, म्हणजे आम्ही पाहू आणि विश्वास ठेवू! फळ दिसले तर श्रद्धा खरी, नाही दिसले तर खोटी, हा हिशेब सबंध पुस्तकात मांडला जातो तो या चेष्टेखोरांच्या तोंडून. याच्याही आधी परूशी लोकांनी आकाशातले चिन्ह मागितले होते, तेव्हा येशूने खोल उसासा टाकून नकार दिला होता. चमत्कार हा ज्यांना पुरावा म्हणून हवा होता, त्यांना तो मिळाला नाही. दुखणाऱ्याला दिलेला तो हात होता.

चमत्कार घडले की नाही, हा वाद मी सोडवू शकत नाही. या पुस्तकात विश्वास ही मनात मोजायची वस्तू नाही, एवढे मात्र मी खात्रीने सांगेन. तो हातापायांनी करायचा असतो. चौघे जण छप्पर उकरतात, एक बाई गर्दीतून वस्त्राला शिवते, यरीहोचा आंधळा बार्तिमय लोकांनी दटावले तरी ओरडतच राहतो. मार्क त्यालाच विश्वास म्हणतो.

मी दुसऱ्यांदा तिच्या घरी गेलो तेव्हा एवढेच सांगितले. म्हटले, ‘‘वहिनी, तुम्ही पहाटे पोराला पाठीवर घेऊन स्टँडापासून इस्पितळापर्यंत जात होता ना, त्या पुस्तकात त्याला विश्वास म्हणतात. तो कमी पडला नाही. ज्यांनी तुम्हाला तसं सांगितलं, त्यांच्यासारखी माणसंही त्या पुस्तकात आहेत. ती क्रुसाखाली उभी राहून हसताहेत.’’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, ‘‘त्याची आई होती का हो तिथं?’’

मी म्हटले, ‘‘होती. योहानाच्या पुस्तकात आहे. क्रुसाजवळ उभी होती.’’

‘‘तिला कोणी काही बोललं?’’

‘‘तसं कुठं लिहिलेलं नाही.’’

तिने मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेली. मार्कच्या सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत, चौथ्या शतकातल्या दोन पोथ्यांत, शुभवर्तमान रिकाम्या थडग्यापासून भ्यालेल्या बायका पळत सुटतात तिथेच संपते. पुढच्या बारा ओव्या त्यांत नाहीत. पुनरुत्थानाची वार्ता सांगून झाली आहे, पण बायकांच्या तोंडून शब्द फुटत नाही. समजूत घालणारा शेवट मार्कला, निदान या पोथ्यांत, सापडलेला दिसत नाही. मलाही त्या घरात तो सापडला नाही. मी मुकाट्याने चहा प्यालो.

यंदा तिच्या दारात आकाशकंदील लागेल की नाही, मला ठाऊक नाही. दिवाळीत ज्यांच्या घरी असे एखादे सामसूम घर माहीत असेल, त्यांनी फराळाचे ताट घेऊन जरूर जावे. विश्वासाच्या गोष्टी मात्र तिथे काढू नयेत. याईराच्या घरी येशूने केले, तेच करावे. खायला काहीतरी द्यावे.