‘ट्रॅजेडी’ म्हटलं की आरोपी सुटतो का?

इंग्लंडात राहायला आल्यावर एका गोष्टीची मला फार गंमत वाटायची. इथली माणसं नाटकाला जावोत न जावोत, बोलताना नाट्यप्रकार मात्र सतत वापरतात. सँडलमध्ये मोजे घालणारा माणूस ‘ट्रॅजिक’. ट्रेन रद्द झाली आणि तिच्याऐवजी दिलेली बसही आली नाही, की ‘फार्स’. पार्लमेंटातला आरडाओरडा म्हणजे ‘पॅन्टोमाइम’. कुणी आवाज चढवून तक्रार केली तर तो ‘मेलोड्रामॅटिक’. आणि स्वतःचीच फजिती थोडं हसत, थोडं कण्हत सांगायची असेल तर ‘ट्रॅजिकॉमिक’.

यावर साहित्याच्या प्राध्यापकांची तक्रार जुनी आहे: शब्द स्वस्त झाले. ॲरिस्टॉटलची ट्रॅजेडी कुठे आणि मोजे कुठे! मला ही तक्रार पटत नाही. हे शब्द रोजच्या बोलण्यात नुसते सैल झालेले नाहीत, ते एक काम करतात. घडलेल्या गोष्टीत दोष कुणाचा, हे ते ठरवून टाकतात.

‘ट्रॅजिकॉमेडी’पासून सुरुवात करू, कारण हा शब्द जन्मालाच आला तो एक विनोद म्हणून. रोमन नाटककार प्लॉटस याच्या ‘ॲम्फिट्रिऑन’ नाटकाच्या सुरुवातीला मर्क्युरी देव येऊन सांगतो, की ही ट्रॅजेडी आहे. प्रेक्षकांच्या कपाळावर आठ्या दिसताच म्हणतो, बरं, मग कॉमेडी करतो. पण देव आणि राजे असलेलं नाटक सबंध कॉमेडी कसं करणार? त्यात गुलामाचंही काम आहे, तेव्हा ट्रॅजिकॉमेडी करू या. म्हणजे बघा, इथे प्रश्न हसू आणि आसू एकत्र करण्याचा नाहीच. राजा आणि गुलाम एकाच रंगमंचावर उभे राहू शकतात का, हा आहे. सोळाव्या शतकात फिलिप सिडनीने अशा नाटकांना ‘संकरित’ म्हणून नाक मुरडलं, तेव्हा त्याचाही राग राजे आणि विदूषक एकत्र आणण्यावरच होता. पुढे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन फ्लेचरने वेगळीच व्याख्या दिली: जिथे मरण जवळ येतं पण कुणी मरत नाही, ती ट्रॅजिकॉमेडी.

आजच्या बोलीतून यातलं बरंच गळून गेलंय. उरलाय तो फक्त सूर. ‘इट वॉज ट्रॅजिकॉमिक’ म्हणणारा माणूस सहसा थोडा लांब उभा राहून बघत असतो. बेकेटने ‘गोदो’चं स्वतः इंग्रजी भाषांतर करताना ‘दोन अंकी ट्रॅजिकॉमेडी’ असं उपशीर्षक जोडलं. मूळ फ्रेंच पुस्तकावर ते नव्हतं. पण त्याच्या नाटकात लांब उभं राहायला जागाच नाही. दोघे जण वाट बघत अडकलेत, आणि त्यांच्याबरोबर आपणही. बोलीतल्या ‘ट्रॅजिकॉमिक’मध्ये मात्र सांगणारा सुटलेला असतो.

खरी अडचण ‘ट्रॅजेडी’ या शब्दाची. 1961 साली जॉर्ज स्टायनरचं ‘द डेथ ऑफ ट्रॅजेडी’ आलं. नावातच सगळं आलं: खरी ट्रॅजेडी आधुनिक काळात शक्य राहिलेली नाही. पाच वर्षांनी, 1966 मध्ये, रेमंड विल्यम्सने ‘मॉडर्न ट्रॅजेडी’ लिहून याच्या उलट बाजू घेतली. विल्यम्स वेल्सच्या सीमेवरच्या एका खेड्यातला, रेल्वे सिग्नलमनचा मुलगा. त्याचं म्हणणं असं: लोक खाणीतल्या दुर्घटनेला, जळालेल्या घराला, रस्त्यावरच्या धडकेला ट्रॅजेडी म्हणतात. त्यांना ‘ही खरी ट्रॅजेडी नव्हे, नुसता अपघात आहे’ असं सुनावणं हीच एक विचारसरणी आहे. या दुःखांमागे माणसांचे निर्णय नाहीत, त्यांना काही व्यापक अर्थ नाही, असं ती गुपचूप गृहीत धरते. पूर्वी राजपुत्राचं मरण तेवढं अर्थपूर्ण होतं; आता दारातल्या मरणाला आपण ‘अपघात’च्या खात्यात टाकतो.

मला हे पुस्तक फार आवडतं. पण त्याच वर्षी वेल्समध्येच जे घडलं, ते आठवलं की विल्यम्सच्या बाजूने उभं राहूनही अडखळायला होतं. 21 ऑक्टोबर 1966 रोजी सकाळी ॲबरव्हॅन गावाच्या वरच्या डोंगरावर रचलेला कोळसा खाणीचा कचरा घसरून शाळेवर आला. 144 माणसं गेली, त्यातली 116 मुलं. नॅशनल कोल बोर्डाच्या अध्यक्षांनी आधी सांगितलं, की ढिगाखालच्या झऱ्याची कुणाला कल्पना नव्हती. चौकशीत उघड झालं, की झरे माहीत होते, नकाशावर होते. 1967 च्या अहवालाने दोष बोर्डावर ठेवला. तरीही कुणावर खटला झाला नाही, कुणाची नोकरी गेली नाही.

ॲबरव्हॅनला ‘ट्रॅजेडी’ म्हणणारे सगळेच होते: शोक करणारे होते आणि जबाबदार असलेलेही. विल्यम्सने हा शब्द सामान्य माणसांना परत मिळवून दिला, पण तोच शब्द संस्थांनाही सोयीचा आहे. त्यांच्या तोंडी ‘ट्रॅजेडी’ म्हणजे नियती. अज्ञात झऱ्यासारखीच, कुणाच्याही हाताबाहेरची.

मरणाच्या चौकशीत एका बापाने मात्र दुसरा शब्द मागितला. मुलाच्या मृत्यूचं कारण ‘नॅशनल कोल बोर्डाने जिवंत गाडलं’ असं लिहा, अशी त्याची मागणी होती. ही भाषा ट्रॅजेडीची नाही. ही सरळ मेलोड्रामाची भाषा आहे: बळी आहे, खलनायक आहे आणि त्याचं नाव मोठ्याने घेतलंय.

इंग्रजीत मेलोड्रामा ही शिवी का झाली, याला इतिहास आहे. हा प्रकार लंडनच्या मोठ्या रंगमंचावर 1802 मध्ये आला, पण वाढला तो छोट्या थिएटरांत. 1843 च्या कायद्यापर्यंत लंडनमध्ये ‘खरी’ गद्य नाटकं करायचा परवाना मोजक्याच थिएटरांना होता. बाकीच्यांनी संगीताची जोड देऊन वाट काढली आणि तिथला प्रेक्षक बहुतांशी कष्टकरी होता. त्या नाटकांत जमीनदार, सावकार दुष्ट असायचे आणि तसं स्पष्ट म्हटलं जायचं. अभिरुचीवाल्यांना ते बटबटीत वाटलं. आज ‘डोन्ट बी मेलोड्रामॅटिक’ हे बहुतेक वेळा तक्रार करणाऱ्यालाच ऐकवलं जातं, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला नाही.

बटबटीतपणा नेहमी बरोबर असतो, असं मी म्हणत नाही. खलनायक शोधायच्या नादात निरपराध माणूस सापडतो, हेही मेलोड्रामाचंच. पण ॲबरव्हॅनचा तो बाप अतिशयोक्ती करत नव्हता. पुढे अहवालानेही दोष तिथेच ठेवला.

मराठीत आपण यापेक्षा शहाणे आहोत का? ‘हीच आपल्या समाजाची खरी शोकांतिका आहे’ हे वाक्य अग्रलेखाच्या शेवटी किती वेळा वाचलंय आठवून पाहा. ते आलं, की लेख संपतो आणि कुणाचंही नाव न घेता संपतो. उलट घरात किंवा ऑफिसात कुणी अन्यायाविरुद्ध बोललं, की आपण म्हणतो, ‘नाटकं करू नकोस’, ‘तमाशा नको’. म्हणजे विभागणी तीच: गप्प दुःखाला शोकांतिकेचा मान आणि बोलणाऱ्या दुःखावर नाटकीपणाचा शिक्का.

म्हणून हल्ली कुणी एखाद्या घटनेला ‘ट्रॅजेडी’ किंवा ‘फार्स’ म्हणालं, की शब्द बरोबर वापरला का, हे मी बघत नाही. हा शब्द कोण वापरतंय आणि त्यामुळे कुणाचं नाव घ्यायचं राहिलं, एवढं तपासते.