पाच पर्याय, पण पायऱ्या सारख्या आहेत का?

सोनईत बसून मोजपट्टीवर बोलायचं, तर सुरुवात आणेवारीपासूनच करायला हवी. पीक सोळा आणे आलं की आठ आणे, हे जुनी माणसं बांधावरूनच सांगत. 1957 मध्ये दशमान नाणी आली. पुढे आणेवारीची पैसेवारी झाली. सोळा पायऱ्यांच्या शंभर झाल्या. पण निर्णय किती? दोनच. पन्नास पैशांच्या वर की खाली. म्हणून 49 की 51 यावर गाव भांडतं, 70 की 90 यावर कुणी ब्र काढत नाही. पट्टीवरच्या खुणा वाढल्या म्हणजे माप बारीक झालं असं नव्हे, हा पहिला धडा आम्ही इथूनच घेतो.

सर्वेक्षणातल्या प्रश्नाला किती पर्याय द्यावेत, हा वाद याच जातीचा आहे. रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 मध्ये पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत अशी पाच पायऱ्यांची पट्टी रूढ केली. जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये दाखवलं, की एकाच गुणाच्या बाबतीत माणूस साधारण सातच प्रती नीट वेगळ्या ओळखतो. नंतरच्या अभ्यासांचा सूरही तोच: दोनवरून पाच-सातपर्यंत गेलं की उत्तरांचा भरवसा वाढतो, त्यापुढे फायदा नाममात्र.

मग नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात पाच पर्याय आहेत, म्हणजे बरोबरच झालं की! संख्या बरोबर आहे. आमची तक्रार पायऱ्यांबद्दल आहे.

पहिलाच प्रश्न बघा: वर्गात अभ्यासक्रम किती शिकवला? 85 ते 100 टक्क्यांना 4 गुण, 70 ते 84 ला 3, 55 ते 69 ला 2, 30 ते 54 ला 1, त्याखाली शून्य. वरच्या पायऱ्या पंधरा-सोळा टक्क्यांच्या, पुढची पंचवीसची, तळाची तीसची. म्हणजे 69 आणि 70 मध्ये अख्ख्या एका गुणाचा फरक, आणि 31 व 54 मात्र सारखेच. जिथे शिकवणं खरंच कमी पडतं, तिथेच पट्टी आंधळी!

दुसरं उदाहरण. शिकवण्याची पद्धत कशी, याला पर्याय आहेत उत्कृष्ट, खूप चांगली, चांगली, बरी आणि वाईट. कौतुकाला तीन खुर्च्या, नाराजीला जेमतेम दीड. अशा पट्टीतून काढलेली सरासरी वर सरकली, तर त्यात कॉलेजचं कर्तृत्व किती आणि पट्टीचं किती?

त्यात आपली भाषा. ‘बरं आहे’ हे समाधानानेही म्हणतात आणि कंटाळूनही. तसंच ‘तटस्थ’ आणि ‘माहीत नाही’. एकाने विचार करून मधली जागा घेतली, दुसऱ्याने ते तास पाहिलेच नाहीत. दोघांना एकाच रकान्यात कोंबलं, की मधला आकडा फुगतो आणि त्याचा अर्थ कुणालाच लागत नाही.

मग करावं काय? लेखी प्रश्नाला पाच पर्याय पुरेत. पण दोन्ही बाजूंना सारखे, प्रत्येकाला शब्द दिलेला, आणि ‘माहीत नाही’ वेगळं. तोंडी विचारायचं असेल तर पाच पर्याय घडाघडा वाचू नयेत. आधी विचारावं, ‘समाधानी की असमाधानी?’ मग, ‘फार की थोडं?’ दोन सोप्या प्रश्नांत चार पायऱ्या मिळतात आणि घरातल्या आजींनाही उत्तर देता येतं. शब्द मात्र आधी दहा-बारा जणांना वाचून दाखवावेत आणि त्यांना त्यातून काय कळलं ते विचारावं.

आणि सगळ्यांत आधी ठरवावं, की या उत्तरांवर निर्णय कोणता घ्यायचा आहे. पैसेवारीच्या आकड्यावर शेतसाऱ्याची सूट आणि मुलांची परीक्षा फी ठरत आली आहे. विद्यार्थ्याच्या एका खुणेवर त्याला पुढच्या वर्षी मिळणारं शिकवणं ठरावं, अशी अपेक्षा असते. पट्टी चुकली तर आकडा चुकतोच; पण त्याहून वाईट म्हणजे, सांगणाऱ्याने खरं सांगूनही ते पोहोचत नाही.