तण्हा, तृष्णा आणि तहान

गुलामीतून मुक्त झालेल्या सॅम्युअल क्राउदर या आफ्रिकन धर्मोपदेशकाने बायबल आपल्या योरुबा मातृभाषेत आणले. मराठीत तेच कार्य पंडिता रमाबाईंनी केले. १८८९ साली गिरगाव चौपाटीवर शारदा सदन काढणाऱ्या या संस्कृत विदुषीने पुढे केडगावी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबल सोप्या मराठीत उतरविले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले.

चुल्लवग्गानुसार भगवंतांनीही बुद्धवचन छंदसात घालण्यास मनाई केली. तरी आमचे कित्येक अनुवादक ‘तण्हा’चे ‘तृष्णा’ करून थांबतात. वास्तविक ‘तहान’ हा मराठी शब्द तण्हेचाच वंशज होय. परळच्या चाळीतील उपासिकेला तो सांगावा लागत नाही. पालि मराठीत आणताना संस्कृतचा वळसा कशासाठी?