भारप्रवाहाची आज्ञावली आणि प्रात्यक्षिक : एक चिकित्सा

विद्युत अभियांत्रिकीच्या पदवी वर्गात पॉवर सिस्टिमचे प्रात्यक्षिक आता बव्हंशी संगणकावरच होते. प्रत्यक्ष जाल प्रयोगशाळेत आणता येत नसल्याने ईटॅप, पॉवरवर्ल्ड, मॅटपॉवर यांसारख्या आज्ञावलींचा आधार अपरिहार्य ठरतो. त्यांचे गणित चोख असते, याविषयी दुमत नाही. आक्षेप आहे तो त्यांच्यासोबत आयत्या मिळणाऱ्या उदाहरणांवर आणि ती जशीच्या तशी गिरवून घेण्याच्या आपल्या पद्धतीवर.

विद्यार्थी बहुधा '१४ बस' ही प्रमाणित फाईल उघडतो. हे जाल म्हणजे १९६२ मधील अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील वीजव्यवस्थेचा एक तुकडा होय. त्यातील बहुतेक वाहिन्यांत रिअॅक्टन्स रोधाहून बराच मोठा आहे. स्टॉट व अल्साक यांची १९७४ ची फास्ट डिकपल्ड पद्धत नेमक्या याच गृहीतकावर उभी आहे. आपल्याकडील ग्रामीण ११ केव्ही फीडरवर वीझल तार असेल तर रोध किलोमीटरला सुमारे ०.९ ओहम आणि रिअॅक्टन्स ०.४ च्या आसपास. म्हणजे गृहीतकच उलटे. अशा वेळी उत्तर जुळेनासे झाले की विद्यार्थी पद्धतीला प्रश्न न विचारता आकडेच बदलत बसतो. (आणि परीक्षकही ते चालवून घेतात!)

स्लॅक बसची बाब याहून गंभीर आहे. भार कितीही वाढवा, तूट ती बस निमूटपणे भरून काढते. वारंवारिता ५० हर्ट्झवरून ढळत नाही. भारनियमन सोसलेल्या महाराष्ट्रात तरी ही सोय शिक्षकाने उघड करून दाखवावयास हवी. ३० जुलै २०१२ च्या पहाटे बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्ही वाहिनी कोणताही दोष नसताना सुटली. अतिभार व उतरलेला दाब यांमुळे डिस्टन्स रिलेला तो दोष भासला आणि संपूर्ण उत्तर जाल कोसळले. केवळ भारप्रवाहाच्या उत्तरात ही वाहिनी सुटत नाही. रिलेची मर्यादा शेजारी मांडल्यावरच धोका दिसतो.

म्हणून प्रात्यक्षिकाचे निम्मे गुण तरी विदा-संकलनास द्यावेत. जवळच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रातून एका फीडरची लांबी, तारेचा प्रकार, रोहित्रांची क्षमता व तासागणिक भार विद्यार्थ्याने स्वतः नोंदवून आणावा. गणिताने आलेला शेवटच्या रोहित्रावरील दाब आणि तेथे मोजलेला दाब यांत अंतर पडेलच. त्या अंतराचे त्याने दिलेले स्पष्टीकरण तोंडी परीक्षेत तपासावे.