कीव, दया आणि कळवळा : इंग्रजी ग्रंथांवरून मराठी उपदेश करताना

आपल्यापैकी बहुतेक उपदेशक व शिक्षक आपली तयारी इंग्रजी टीकाग्रंथांच्या आधारे करतात. मराठीत शास्त्राभ्यासाची साधने अपुरी असल्याने हे अपरिहार्य आहे. परंतु यातून एक प्रश्न उद्भवतो, आणि त्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. इंग्रजीत एकच आशय सांगणारे वाटावेत असे दोन-तीन शब्द वारंवार शेजारी शेजारी आढळतात. इ.स. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर त्या भाषेच्या मूळ शब्दसंग्रहावर फ्रेंच व लॅटिन शब्दांचे थर चढले, हे त्याचे एक मोठे कारण. कोश अशा शब्दांना बहुधा एकच मराठी प्रतिशब्द देतो, आणि उपदेशक हाती लागेल तो शब्द उचलतो. प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे की, समानार्थी शब्दांतील भेद पुष्कळदा वस्तूचा नसतो, तर नात्याचा असतो. ज्याच्याविषयी आपण बोलतो त्याला आपण खाली उभा करतो की शेजारी, हे शब्द ठरवितो.

१. टिंडेल आणि मोर यांचा वाद

हा प्रश्न नवा नाही. विल्यम टिंडेल याने १५२६ साली वर्म्स येथे छापून घेतलेल्या इंग्रजी नव्या करारात 'अगापे' या ग्रीक शब्दासाठी 'चॅरिटी' न घालता 'लव्ह' घातला, 'चर्च'ऐवजी 'काँग्रिगेशन' आणि प्रायश्चित्ताऐवजी पश्चात्ताप सुचविणारा शब्द घातला. सर टॉमस मोर यांनी १५२९ साली त्यावर कठोर टीका केली. 'लव्ह' हा शब्द हव्या त्या आसक्तीला लागू पडतो, 'चॅरिटी' मात्र शुद्ध व पवित्र प्रीतीलाच, असा त्यांचा आक्षेप होता. टिंडेलने १५३१ साली उत्तर दिले की, लोकांच्या बोलण्यातील 'चॅरिटी' भिक्षादानापुरती किंवा क्षमाशीलतेपुरती आकुंचित झालेली आहे. 'अगापे'ची व्याप्ती तिच्यात मावत नाही.

दोघांचेही म्हणणे विचार करण्याजोगे आहे. मोर शब्दाची परंपरा राखू पाहत होते, टिंडेल शब्दाचा चालू वापर पाहत होता. १६११ च्या अधिकृत भाषांतराने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १३ व्या अध्यायात पुन्हा 'चॅरिटी' आणली, आणि १८८१ च्या सुधारलेल्या आवृत्तीने ती काढून 'लव्ह' कायम केला. काळाने टिंडेलची बाजू का घेतली, हे त्याच अध्यायाच्या तिसऱ्या वचनात दिसते. आपले सर्वस्व गरिबांना अन्नदानार्थ दिले आणि 'चॅरिटी' नसली तर काही लाभ नाही, असे १६११ चे भाषांतर सांगते. ज्याला 'चॅरिटी' म्हणजे धर्मादाय एवढेच ठाऊक आहे, त्याला हे वाक्य निरर्थक वाटेल. पौलाला तर हेच सांगावयाचे आहे की, देणे आणि प्रीती या दोन भिन्न गोष्टी आहेत. शब्द चुकला की वचनाचा कणाच मोडतो.

२. शोमरोन्याला नेमके काय वाटले?

आता आपल्या नित्य उपयोगातील शब्दांकडे वळू. 'पिटी', 'मर्सी' आणि 'कंपॅशन' या तिहींसाठी आपण सर्रास 'दया' म्हणतो. परंतु इंग्रजी वापरात 'मर्सी' बहुधा त्याची असते, ज्याच्या हाती शिक्षा करण्याचा किंवा मदत नाकारण्याचा अधिकार असतो. राष्ट्रपतींकडे करावयाच्या अर्जाला आपणही 'दयेचा अर्ज'च म्हणतो. 'कंपॅशन' या शब्दाच्या लॅटिन घडणीत 'सोबत सोसणे' आहे, आणि तो भाव वापरातही टिकून आहे. 'पिटी' दुरून आणि बहुधा वरून पाहते. आपल्या 'कीव' या शब्दाचा सूर तिच्याशी जुळतो.

लूक १०:३३ मध्ये जखमी मनुष्याला पाहून शोमरोन्याला जे वाटले, त्यासाठी 'स्प्लांख्निझोमाय' हे क्रियापद आहे. ते आतड्यांवाचक नामावरून आले आहे. नव्या करारात हे क्रियापद बारा वेळा येते, ते केवळ पहिल्या तीन शुभवर्तमानांत, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा कर्ता येशू तरी आहे किंवा त्याच्या दाखल्यातील व्यक्ती तरी : शोमरोनी, उधळ्या पुत्राचा पिता, कर्ज सोडणारा धनी. पुढे ३७ व्या वचनात शास्त्री उत्तर देतो तेव्हा शब्द बदलतो. तेथे 'एलेऑस' आहे. आधी आतडे पिळवटले, मग हाताने कृती केली, असा हा क्रम आहे.

१६११ च्या भाषांतराने अनुक्रमे 'कंपॅशन' व 'मर्सी' घालून हा क्रम राखला. 'न्यू इंटरनॅशनल व्हर्शन'ने मात्र पहिल्या ठिकाणी 'पिटी' घातली. इंग्रजी वाचकाला त्यात दर वेळी तुच्छता जाणवेलच असे नाही. परंतु तेवढ्याच आधारावर मराठी उपदेशक जेव्हा 'शोमरोन्याला त्याची कीव आली' असे म्हणतो, तेव्हा तो शोमरोन्याला गाढवावरून खाली उतरूच देत नाही. आपल्या प्रचलित मराठी शास्त्रात येथे 'कळवळा' आहे, आणि तो इंग्रजीतील तिन्ही शब्दांपेक्षा मुळाच्या अधिक जवळ आहे. पोटात कालवणे, आतडे तुटणे ही आपली रोजची बोली आहे. जे इंग्रजीला लॅटिनकडून उसने घ्यावे लागले, ते आपल्याला घरातच मिळाले. घरचा शब्द सोडून इंग्रजीच्या वळशाने दुबळा शब्द आणण्याचे कारण नाही.

'करुणा' या शब्दाविषयीही भान हवे. तो सुंदर आहे, परंतु ज्यांनी १९५६ साली नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली त्यांच्या व त्यांच्या वंशजांच्या कानी तो मैत्रीच्या जोडीने, बौद्ध अर्थाने पडतो. तो टाळावा असे नव्हे. शेजाऱ्याचा शब्द वापरतो आहोत हे जाणून वापरावा.

३. बालाघाटातील 'शिक्षा'

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला व बालाघाट मध्यप्रदेशातच राहिला. येथे मराठी, हिंदी, पवारी आणि गोंडी बोलणारे एकाच बाकावर बसतात. अशा मंडळीत इब्री १२:५-११ वर उपदेश करणे ही कसोटीच आहे. तेथील 'पायदेइया' या ग्रीक शब्दात मुलाला घडविणे, शिकविणे आणि प्रसंगी ताडन करणे हे सर्व येते. इंग्रजीत कोणी 'चेस्टनिंग' म्हणतो, कोणी 'डिसिप्लिन', आणि सैल बोलणारा 'पनिशमेंट' म्हणून मोकळा होतो. आपण 'शिक्षा' म्हटले की हिंदी भाषकाला शिक्षण ऐकू येते व मराठी भाषकाला दंड. योगायोग असा की, दोघांनी मिळून जे ऐकले ते मूळ शब्दाच्या जवळ जाते; एकट्याने ऐकले तर दोघेही अर्धेच ऐकतात.

यात केवळ भाषेचा प्रश्न नाही. आजारी लेकराच्या उशाशी बसलेल्या आईला 'देवाची शिक्षा' हे शब्द आपण सांगितले, तर तिला आपल्या पापाचा दंड मुलाला मिळाला असेच वाटेल. इब्री पत्राचा लेखक पुत्रत्वाचे आश्वासन देत आहे, आणि आपल्या एका शब्दाने त्याचे आरोपपत्र होते. अशा ठिकाणी 'वळण लावणे', 'घडविणे' हे साधे शब्द अधिक विश्वासू ठरतात. आणि कधी त्या वचनाची ती वेळच नसते, हेही ओळखावे.

४. अतिरेकाविषयी सूचना

तथापि प्रत्येक शब्दभेदात अर्थभेद शोधणे हाही दोषच होय. योहान २१:१५-१७ मध्ये येशू दोनदा 'अगापाओ' व तिसऱ्यांदा 'फिलेओ' वापरतो, आणि पेत्र तिन्ही वेळा 'फिलेओ' म्हणतो. यावर 'श्रेष्ठ प्रीती' व 'कनिष्ठ प्रेम' असा मनोरा रचणारे उपदेश आपण सर्वांनी ऐकले आहेत. परंतु पिता पुत्रावर प्रीती करतो हे सांगताना योहान ३:३५ मध्ये एक क्रियापद घालतो व ५:२० मध्ये दुसरे. आवडत्या शिष्याविषयीही त्याने दोन्ही वापरली आहेत. त्याच संवादात मेंढरे व कोकरे, चारणे व पाळणे हेही शब्द तो पालटतो. 'न्यू इंटरनॅशनल व्हर्शन'च्या १९८४ च्या आवृत्तीने हा भेद दाखविण्यास 'खरोखर' या अर्थाचा शब्द जोडला होता. २०११ साली तो काढून टाकला. जेम्स बार यांनी १९६१ साली आपल्या ग्रंथात बजावले होते की, अर्थ सुट्या शब्दाच्या मुळात नसून वाक्यात व वापरात असतो. त्या संवादाचे बळ क्रियापदांत नाही. तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा विचारले गेले, यात आहे.

सारांश, इंग्रजी समानार्थी शब्दांपुढे आपण तीन प्रश्न विचारावेत. मुळात खरोखर दोन शब्द आहेत काय? असल्यास त्या लेखकाच्या वापरात त्यांचा भेद दिसतो काय? आणि आपण निवडलेला मराठी शब्द समोरच्या ऐकणाऱ्याला कोठे उभा करतो? पहिल्या दोहोंची उत्तरे ग्रंथालयात मिळतील. तिसऱ्याचे उत्तर मंडळीतच मिळते, आणि त्यासाठी उपदेशकाने बोलण्याइतकेच ऐकलेही पाहिजे.