एका नियमाचे वाचन : गिरणगाव आणि ‘मोकळी जमीन’

गिरणगावावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. नारायण सुर्वे यांची कविता आहे, जयंत पवार यांचे ‘अधांतर’ आहे, आठवणी आणि आत्मकथनेही आहेत. या लेखनातून आपल्या मनात एक साखळी तयार झाली आहे : 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, गिरण्या बंद पडल्या, टॉवर उभे राहिले. यातल्या पहिल्या दोन कड्या एकमेकींत अडकलेल्या आहेत. तिसरी मात्र त्यांत आपोआप अडकत नाही. गिरणी बंद पडल्यावर तिच्या जमिनीचे काय करायचे हे संपाने ठरवले नाही. ते एका नियमाने ठरवले. तो नियम आपल्या समीक्षेने कधी वाचलाच नाही, ही माझी तक्रार आहे.

तो नियम म्हणजे बृहन्मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58. मूळ नियमाचा हेतू समजायला सोपा होता. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा असेल तर ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला उद्याने-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. ही वाटणी दोन प्रकारच्या जमिनीला लागू होती : मोकळी जमीन, आणि जुनी बांधकामे पाडल्यावर मोकळी होणारी जमीन.

2001 च्या दुरुस्तीत यातला दुसरा प्रकार गळाला. वाटणीसाठी उरली फक्त ‘मोकळी जमीन’, आणि तिच्या जोडीला शिल्लक चटईक्षेत्र.

गिरणी म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे त्याला या वगळण्याचे वजन लगेच कळेल. खाते, गोदाम, बॉयलर, चिमणी यांनीच आवार भरलेले असे. उदाहरणासाठी 9 हेक्टरांची एक गिरणी कल्पू, आणि हिशेब सोपा राहावा म्हणून तीन समान हिस्से धरू. सगळी जमीन वाटली तर शहराला 3 हेक्टरांचे मैदान मिळते. पण त्या आवारात आधीपासून मोकळी जमीन दीडच हेक्टर असेल, तर मैदान अर्ध्या हेक्टरावर येते. जमीन तीच आणि गिरणीही तीच, बदलली ती फक्त व्याख्या.

या व्याख्येवरून जो न्यायालयीन वाद झाला, तो मुळात वाचनाचाच वाद होता. ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘मोकळी जमीन’ या शब्दांत पाडकामानंतरची जमीनही येते, असा अर्थ लावला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ नाकारला आणि राज्य सरकारची बाजू उचलून धरली. दोन न्यायालयांनी तेच दोन शब्द वाचले. मधल्या काळातही जमिनीचा बाजार थांबला नव्हता. 2005 मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पाच गिरण्यांच्या जमिनी दोन हजार कोटींहून अधिक रकमेला विकल्या गेल्या होत्या.

दुरुस्तीच्या बाजूनेही युक्तिवाद होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दोन हिस्से सोडावे लागणार म्हटल्यावर मालक पुढे येत नव्हते. जमीन विकली गेली नाही तर कामगारांची थकलेली देणी कुठून द्यायची, हा प्रश्न खराच होता. पण त्याला उत्तर म्हणून शहराचा हिस्सा कापणे हा एकच मार्ग होता का? 1996 मध्ये राज्य सरकारनेच चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला होता. त्याचे सूत्र असे की या जमिनी सुट्या तुकड्यांत न पाहता एकत्र पाहाव्यात, म्हणजे सलग मोकळ्या जागा, रस्ते आणि घरे यांची आखणी करता येईल. नियोजन म्हणतात ते याला. एकेका भूखंडाला स्वतंत्र परवानगी देत जाणे हा नुसता हिशेब झाला.

29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसे गेली. तिचे खापर एकट्या नियम 58 वर फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाऊस होता, पूल अरुंद होता, रेल्वेची जबाबदारी होती. पण गिरणीच्या जागी कचेऱ्या आल्या, त्यांत रोज येणारी माणसे आली, आणि त्या माणसांना चालायला, थांबायला, श्वास घ्यायला लागणारी जागा मात्र वाटणीतून आधीच वजा झालेली होती, एवढे म्हणणे भाग आहे.

‘अधांतर’मधल्या कुटुंबाची घुसमट आपल्याला हलवून सोडते, आणि सोडायलाच हवी. नाटककाराने नियमावलीवर भाष्य करावे अशी अपेक्षाही नाही. समीक्षकाकडून मात्र ती आहे. एका शब्दाच्या दोन अर्थच्छटांवर पानेच्या पाने लिहिणारी आपली परंपरा आहे. तिच्याच शहरात ‘मोकळी’ या विशेषणाचा अर्थ बदलला, आणि आपण तो प्रांत वकील व वास्तुरचनाकारांचा समजून बाजूला ठेवला.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 मध्ये मंजूर आराखड्यात फेरफार करण्यापूर्वी सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवण्याची तरतूद आहे. मुदत फार तर महिनाभराची. हरकत कोणीही घेऊ शकतो, त्यासाठी त्या जमिनीचा मालक असावे लागत नाही. सूचना रूक्ष असते, तिच्यातले वाक्य लांबलचक असते, आणि शहराचा हिस्सा बहुधा त्यातल्या एखाद्या उपवाक्यात असतो. ते उपवाक्य शोधायला कवितेच्या वाचकाइतका तयार वाचक दुसरा कोण मिळणार?