‘पिशवी का काढली?’ या प्रश्नातली गफलत

प्रश्नावली बनवताय? मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-4 (2015-16) बघा. गर्भाशय का काढलं, याच्या उत्तरांत ‘पाळीत जास्त रक्तस्राव/वेदना’ हा एकच पर्याय आहे. त्या तिरप्या रेघेत एंडोमेट्रिओसिस गायब! जिला फक्त जास्त जायचं आणि जी दुखण्यानं गडबडा लोळायची, दोघी एकाच खणात. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, अंडाशयावर किंवा आतड्यावरही वाढतात. त्या तिथंच राहिल्या तर पिशवी काढूनही दुखणं राहू शकतं. हे तिला ऑपरेशनआधी सांगितलं होतं का?

2019 मध्ये बीडला 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. मोजणी गरजेचीच होती. पण नुसत्या बेरजेतून खरी गरज कुणाची होती आणि भीती घालून कुणाचं उरकलं, हे कळत नाही.

आमच्या कंधारकडूनही माणसं ऊसतोडीला जातात. इथं उत्तर येतं, “पोटात लई दुखायचं, काढून टाकली.” एवढ्यावर कोड देऊन मोकळं होऊ नका. पॅथॉलॉजीचा कागद आहे का, आधी गोळ्या देऊन बघितल्या का, अंडाशय ठेवले का, हे विचारा. आणि आता दुखतंय का, हेही.